गाडीला लावलेला हात

“हात पुढं कर,” मी म्हणालो.

धुळाबांनी उजवा हात पुढे केला. मी तो मनगटाशी धरला आणि आवारात पाच-सात माणसं उभी असताना नाकाशी नेऊन हुंगला. आजारी गायीच्या तोंडाचा वास घ्यावा, तसा.

“पेट्रोल,” मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

त्या दिवसापर्यंत मी त्यांना ‘अहो धुळाबा’ म्हणत होतो. ते माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे. ‘कर’ हा शब्द तोंडातून कसा गेला, ते मला कळलंही नाही. त्यांना मात्र कळलं. हात हुंगल्याचं त्यांनी काही वाटू दिलं नाही, पण त्या एका शब्दावर त्यांची मान खाली गेली.

माणदेशातल्या कुरणवाडीला तेव्हा जनावरांचा सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आणि पाण्याची दगडी डोण. माणसं दोनच. मी डॉक्टर आणि धुळाबा शेंडगे परिचर. मी एकतीस वर्षांचा, साताऱ्याहून आलेला, पदवीचा कागद काचेत घालून भिंतीवर टांगलेला. धुळाबांना सही यायची, तेवढंच लिहिणं. पण मारका खिलार खोंड त्यांनी नुसता ‘हो रं, हो रं’ म्हणत कानामागं खाजवला की मेंढरासारखा खोड्यात शिरायचा. मला बघितलं की तोच शिंगं परजायचा.

माझ्याकडे मोटरसायकल होती. अकरा वर्षांची, वडिलांकडून आलेली. पाच-सहा गावं रोज तिच्यावर पालथी घालायची. ही गाडी मला पासष्टचं ॲव्हरेज द्यायची, आणि ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. पंचायत समितीच्या मीटिंगमध्ये कुणी आपल्या नव्या गाडीचं कौतुक करायला लागला की मी थांबायचो, त्याचं बोलून होऊ द्यायचो आणि मग हळूच विचारायचो, “ॲव्हरेज किती देते?” लोक माझ्यापासून लांब बसायला लागले होते, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

पौषातल्या थंडीत ॲव्हरेज घसरलं. पासष्टचं अठ्ठावन्न झालं. माणसाला ताप आला तरी मी एवढा घाबरलो नसतो. टायरची हवा बघितली, चेनला तेल दिलं, एअर फिल्टर धुतला, प्लग बदलला. चाक अधांतरी फिरवून ब्रेक चिकटतोय का तेही पाहिलं. साठीपर्यंत थोडी सुधारली, पण पासष्ट काही दिसेना. मग एका रविवारी मी कार्ब्युरेटर उघडला.

मेस्त्रीकडे नेली असती तर तासाभराचं काम. पण गायीचं पोट उघडून शिवणाऱ्या माणसाला कार्ब्युरेटर म्हणजे काय! ऑपरेशनच्या ट्रेमध्ये सगळे भाग मांडले, चिमट्यानं एकेक उचलला, स्पिरिटनं पुसला. आत एक बारीक सुई असते, तिच्या टोकावर काळा थर बसला होता. तो मी स्कालपेलनं अगदी निगुतीनं खरवडून काढला. धुळाबा शेजारी उकिडवे बसून बघत होते.

“सायब, जित्राबाचं हत्यार हाय हे,” ते म्हणाले. “लोखंडाला कशापायी लावतासा?”

“धुळाबा, तुम्ही म्हशींचं बघा. इंजिनचं मी बघतो.”

ते हसले. मीही हसलो.

आठवड्यानं ते म्हणाले, “गाडीपाशी पेट्रोलचा वास येतोय, सायब.”

दवाखान्यात फिनेल, आयोडीन आणि स्पिरिट यांच्या पलीकडे मला कसलाच वास येत नसे. शिवाय मला ज्ञान पाजळायला एक श्रोता मिळाला होता. मी त्यांना कार्ब्युरेटर समजावून सांगितला. “टाकीखालचा कॉक उघडा असला की पेट्रोल खालच्या वाटीत येतं. वाटी भरली की आतला फुगा वर येतो, तो सुई वर ढकलतो आणि सुई भोक बंद करते. म्हणजे गाडी बंद, की पेट्रोल बंद. कळलं? वास येतो तो पेट्रोल भरताना सांडतं त्याचा.”

“असंल,” धुळाबा म्हणाले. “तुमी शिकल्याली मानसं.”

त्यानंतर ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. आणि ॲव्हरेज पंचेचाळीसवर आलं.

आता माणूस एवढं सगळं करून थकतो तेव्हा त्याला स्वतःची चूक सुचत नाही. त्याला चोर सुचतो. मलाही सुचला. धुळाबांचा जावई महिनाभर त्यांच्याकडे येऊन राहिला होता आणि त्याच्याकडे मोपेड होती. काम ना धंदा, दिवसभर फटफट करत गावातून फिरायचा. त्याला पेट्रोल कोण देतं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर मला सगळंच दिसायला लागलं. मी फिरतीवरून आलो, गाडी लिंबाखाली लावून आत हात धुवायला गेलो, की धुळाबा गाडीपाशी. मी बॅग घेऊन बाहेर निघणार, तर माझ्या आधी दोन पावलं तेच गाडीपाशी. इतके दिवस मला वाटायचं, म्हातारा आदरानं सीट पुसायला जातो. आता खिडकीच्या फटीतून नीट बघितलं. ते सीट पुसत नव्हते. वाकून टाकीखाली हात घालत होते, इकडे-तिकडे बघत होते आणि धोतराला हात पुसून बाजूला होत होते.

तीन दिवस मी लपून पाहिलं. एवढा मोठा माणूस, भिंतीवर पदवी लावलेला, आणि खिडकीच्या फटीला डोळा लावून बसलेला! चौथ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलो आणि म्हणालो, “हात पुढं कर.”

बघ्यांमध्ये मेटकरी अण्णा होते. त्यांच्या बैलाची खांद सुजली होती, ते दर चौथ्या दिवशी मलमपट्टीला यायचे. कुरणवाडीच्या बिरोबाच्या देवळाचा सगळा कारभार अण्णांच्या हातात. त्यांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं.

“धुळा, काय म्हनतायत डाक्टर?” अण्णांनी विचारलं.

“सायब, त्यो कॉक हाय न्हवं टाकीचा—” धुळाबांनी सुरुवात केली.

“कॉकच!” मी म्हणालो. “कॉकला हात घातल्याशिवाय पेट्रोल निघतं होय? तीन दिवस बघतोय मी. जावयाची मोपेड काय पाण्यावर चालते?”

कुणीतरी हसलं. धुळाबांनी हसणाऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

अण्णांनी कमरेच्या बटव्यातून भंडाऱ्याची पुडी काढली. त्या भागात ही शेवटची कोर्ट-कचेरी. बिरोबाचा भंडारा तळहातावर घेऊन धनगर माणूस खोटं बोलत नाही. बोलला तर पिढीला लागतं असं समजतात. मला असल्या गोष्टींचं हसू यायचं. पण त्या दिवशी मी हसलो नाही, कारण ती मला सोयीची होती.

“काय म्हनून उचलायचा, ते तुमी सांगा,” अण्णा मला म्हणाले. “तक्रार तुमची हाय.”

“‘या गाडीला मी हात लावला नाही’ एवढंच म्हणायचं आणि भंडारा उचलायचा. विषय संपला.”

अण्णांनी धुळाबांच्या तळहातावर पिवळी चिमूट ठेवली. धुळाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती जपून, सांडू न देता, परत अण्णांच्या पुडीत सोडली.

“तसं म्हनता येनार न्हाई, अण्णा. हात लावलाय.”

अण्णांनी पुडी मिटून बटव्यात ठेवली.

“मंग औंदा पाटी तुझ्याकडं न्हाई, धुळा,” अण्णा म्हणाले. त्यांनाही ते जड गेलं असावं, कारण बोलून झाल्यावर ते बैलाच्या कासऱ्याशी उगाच खटपट करत राहिले.

पाटी म्हणजे भंडाऱ्याची पाटी. चैत्रात बिरोबाची यात्रा भरते, तेव्हा देवळाच्या दारात भंडाऱ्याची पाटी घेऊन एक माणूस बसतो आणि आल्या-गेल्याच्या कपाळाला भंडारा लावतो. पंचवीस गावची माणसं त्या हातापुढे वाकतात. तो मान तीन पिढ्या शेंडग्यांच्या घरात होता. यात्रा सतरा दिवसांवर आली होती.

मी धुळाबांना ताकीद दिली, की गाडीच्या दहा पावलांच्या आत यायचं नाही. ते “जी” म्हणाले. त्यानंतर जनावर खोड्यात घालण्यापुरते ते आत यायचे, नाहीतर फाटकाजवळच्या डोणीवर बसून राहायचे. जावई दोनच दिवसांत मोपेडसकट निघून गेला. मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो!

पुढच्या टाकीला ॲव्हरेज बत्तीस आलं.

मी ते तीनदा मोजलं. चोर गेला, चोराचा जावई गेला आणि पेट्रोल मात्र जास्तच जातंय. खोलीवर कुणी काढत असेल म्हणून घरमालकाकडेही संशयानं बघून झालं. त्यांच्या दारात बांधकामाची वाळू पडली होती, तिच्यावर मी रोज गाडी लावायचो. वाळू बिचारी काय सांगणार!

यात्रेच्या आधीच्या गुरुवारी मेटकरी अण्णा बैल घेऊन आले. भर दुपार, ऊन असं की लिंबाची सावलीसुद्धा तापलेली. मी नुकताच फिरतीवरून आलो होतो आणि पायरीवर उभा राहून पाणी पीत होतो. अण्णांनी बैल लिंबाकडे आणला, तसा तो गाडीपासून चार हातांवर अडला. नाक फेंदारून जमीन हुंगायला लागला, फुसफुसला, पुढे येईना. “काय झालं ह्याला आज,” म्हणत अण्णांनी त्याला तिथंच सोडलं, स्वतः गाडीला टेकले, कानावरची विडी तोंडात धरली आणि काडेपेटी काढली.

“अण्णाऽ! काडी वडू नगा!”

पंचावन्न-छप्पन्न वर्षांचा तो म्हातारा डोणीवरून उठून कसा पळाला, ते मी पाहिलं. धोतर एका हातात धरलेलं, पायात वहाण नाही. त्यांनी अण्णांच्या हातावर फटका मारून काडेपेटी उडवली आणि अण्णांना ढकलून बाजूला केलं. मग ते गाडीपाशी वाकले. टाकीखाली हात घातला आणि कॉक फिरवला.

मी पाणी टाकून धावलो. गाडीखाली परातीएवढी जमीन ओली होती. कार्ब्युरेटरच्या खाली एक बारीक नळी लोंबते. वाटीत जास्त झालेलं पेट्रोल तिच्यातून बाहेर पडतं. त्या नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. तो पडला. त्याच्यामागे दुसरा आला, जरा सावकाश. तो पडला. तिसरा आला, फुगला आणि तिथंच राहिला. कॉक बंद झाला होता.

धुळाबा उठून उभे राहिले, दहा पावलं मोजल्यासारखे मागे गेले आणि हात जोडून म्हणाले, “हात लावला, सायब. माफी असावी.”

मला तोंड वर करवेना. ते टाकीतून पेट्रोल काढत नव्हते. मी गाडी लावली की ते कॉक बंद करत होते, आणि मी निघायच्या आत परत उघडत होते, म्हणजे गाडी वाटेत बंद पडून माझी फजिती होऊ नये. दिवसातून सहा-सहा वेळा. मी त्यांना विचारलं होतं ते एवढंच, की गाडीला हात लावला का. पेट्रोल चोरलं का, असं विचारलं असतं तर त्यांनी भंडाऱ्याची अख्खी पाटी उचलली असती.

“मग सांगितलं का नाही, धुळाबा?” मी कसंबसं म्हणालो.

“सांगितलं व्हतं की. वास येतोय म्हनलं. तुमी म्हनला, गाडी बंद की पेट्रोल बंद.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “तुमी सवता जोडल्यालं यंत्र. त्यात खोट हाय म्हनून चारचौघांत कसं सांगायचं? म्हनलं, आपला हात फिरला तर काय झिजतोय.”

माझ्या गाडीची लाज राखायला म्हणून त्या माणसानं स्वतःची घालवली होती. मी मात्र चारचौघांतच त्याचा हात हुंगला होता.

अण्णांच्या ध्यानात सगळं आलं होतं. त्यांनी धूळ झटकत काडेपेटी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

“डाक्टर, मंग त्या दिसाचं काय?”

“चूक झाली, अण्णा.”

“ते मला कळलं. पर शबुद गावासमोर गेलाय, त्यो गावासमोरच माघारी यायला पायजे. आन् तुमचा शबुद तुमीच माघारी घ्यायचा, त्यो मला घेता यायचा न्हाई. ऐतवारी यात्रंला या. देवळाच्या दारात एकदा तोंडानं सांगा. लगोलग पाटी धुळाच्या हातात देतो.”

“येतो,” मी म्हणालो. “नक्की येतो.”

बैलाला धुळाबांनी ओल्या जागेला वळसा घालून खोड्याकडे नेलं. वाटेत त्यांचा हात दोनदा कपाळाकडे गेला, जिथं भंडारा लावतात तिथं.

शनिवारी मी गाडी तालुक्याच्या मेस्त्रीकडे नेली. त्यानं पाच मिनिटांत कार्ब्युरेटर खोलला, सुई काढून उजेडात धरली आणि हसला.

“ह्या टोकाला ब्लेड कुणी लावलं, साहेब? ही कशी बसणार भोकात?”

“होता एक मेस्त्री,” मी म्हणालो. “अडाणी.”

तेव्हाच मला समजायला हवं होतं, की उद्या देवळाच्या दारात माझं काय होणार आहे.

नवी सुई घातली, टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी दवाखाना बंद करताना धुळाबा पायरीखाली उभे होते. नवं धोतर आणलं होतं त्यांनी, घडी काखेत होती.

“उद्या येतासा न्हवं, सायब?”

“येतो म्हणालो ना, धुळाबा.”

रविवारी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडी काढली. गावाबाहेर फाटा आहे. डावीकडे देऊळ, उजवीकडे साताऱ्याचा रस्ता. डावीकडून ढोल ऐकू येत होते. रस्ताभर माणसं, बैलगाड्या, जीप, पिवळ्या कपाळाच्या बाया. चार-पाच हजारांचा जमाव असेल. मी फाट्यावर एक पाय टेकून उभा राहिलो. मनात वाक्य तयार होतं. ‘चूक माझी होती. धुळाबांनी चोरी केली नाही.’ दोन वाक्यं. त्यापुढे कुणीतरी विचारणार, मग पेट्रोल कसं गेलं, आणि मला सांगावं लागणार की डॉक्टरांनी स्वतःच. त्यावर हसणारी तोंडं मला दिसायला लागली. पंचवीस गावांची तोंडं. यातल्याच गावांतून मी रोज फिरायचो.

ओळखीचा एक शेतकरी जवळून जाताना म्हणाला, “चला की डाक्टर, देवाला.”

“आई जरा आजारी आहे,” मी म्हणालो. “साताऱ्याला जाऊन येतो.”

आई ठणठणीत होती. मला दारात बघून तिला आनंदच झाला. तिनं पुरणपोळ्या केल्या आणि मी त्या खाल्ल्या.

पुढच्या चैत्रात मी कुरणवाडीला नव्हतो. मे महिन्यातच बदली मागून घेतली. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. ही आजवर मी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी परत आलो. धुळाबा नेहमीसारखे लवकर आले होते. आवार झाडून झालं होतं. अंगावर जुनंच धोतर होतं. मी गाडी लिंबाखाली लावली आणि, काय वाटलं कोण जाणे, उतरताना स्वतःच कॉक बंद केला. आता त्याची गरज नव्हती.

ते जवळ आले. दहा पावलांवर थांबले. मी मान हलवली तेव्हा पुढे आले आणि कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. आत खोबऱ्याचा तुकडा आणि भंडारा.

“तुमी आला न्हाईसा, म्हून आनला. आईसाबास्नी बरं हाय का?”

“बरं आहे.” मग विचारल्याशिवाय राहवेना. “पाटी कुणाकडं दिली?”

“बारा वाजंपातूर अण्णानी कुनाला हात लावू दिला न्हाई. दारातच ठिवली व्हती. मी हुबा व्हतो फाट्याकडं बघत. मग मानसं खोळंबली. चुलतभावानं भंडारा वाटला. बरा वाटला त्यानं.”

मी पुडी हातात धरून उभा होतो. ‘धुळाबा, मी घाबरलो,’ एवढं म्हणायला आवारात तेव्हा कुणी बघ्यासुद्धा नव्हता. तरीही तोंडातून शब्द निघाला नाही.

त्यांनाच माझी दया आली असावी. त्यांनी गाडीकडे बघितलं, वाकून खालची जमीन बघितली. कोरडी होती.

“गाडी कशी गेली, सायब? किती दिलं?”

“पासष्ट,” मी म्हणालो.

“बेस झालं,” धुळाबा म्हणाले. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. मग ते बादली घेऊन डोण भरायला गेले.